बातमीतला आकडा: प्लेगपासून कोरोनापर्यंत

फेब्रुवारी २०२१ चा तिसरा आठवडा. आमच्या राजूरमधले एक काकाजी बीपी तपासायला आले. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. पेपरची घडी टेबलावर ठेवून म्हणाले, "आपल्या यवतमाळात नवा कोरोना आला म्हणते न जी डॉक्टरसाहेब?" बीपी चांगलंच वाढलेलं होतं. दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी पेपर दुसरा, चेहरा हसरा. "नाही म्हणते जी, नवा गिवा काही नाही. सरकारनंच सांगितलं."

मी काय केलं? मीही पेपर वाचलाच होता. "हो काकाजी, नाही आला, काळजी करू नका," असं म्हणालो आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. काकाजींच्या पुतणीचं लग्न होतं त्या आठवड्यात. सगळं कुटुंब गेलं. माझं ते वाक्य मला पुढे बराच काळ टोचत राहिलं. का, ते आधी सांगतो. मग आपण सव्वाशे वर्षं मागे जाऊ, कारण या गोष्टीची सुरुवात कोरोनाच्या फार आधीची आहे.

त्या दिवसांत अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण एकदम वाढले होते, निर्बंध लागले होते. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमध्ये विषाणूची नवी रूपं सापडली होती. त्यामुळे 'विदर्भात नवा स्ट्रेन' अशा बातम्या झळकल्या. मग राज्याच्या आरोग्य खात्याने खुलासा केला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये तपासलेल्या नमुन्यांत या तिन्ही देशांतला विषाणू आढळला नाही, असं त्यात होतं. खुलाशात खोटं काही नव्हतं. पण अमरावती, यवतमाळ आणि सातारा या जिल्ह्यांतून प्रत्येकी किती नमुने तपासले होते? चार. तो आकडाही बातमीतच होता, खालच्या ओळींत. माझी नजर मथळ्यावरून तिथपर्यंत पोहोचलीच नाही.

आता तुमच्या घरातलं तुरीचं पोतं डोळ्यांसमोर आणा. समजा त्यात दर पाच दाण्यांमागे एक दाणा किडका आहे. म्हणजे माल चांगलाच खराब. तुम्ही डोळे मिटून चार दाणे उचलले. चारही चांगले निघण्याची शक्यता किती? पहिला चांगला निघण्याची शक्यता शंभरात ऐंशी. चारही चांगले निघण्याची शक्यता शंभरात ४१. म्हणजे पाचवा हिस्सा किडका असलेल्या पोत्यातून चार दाणे काढणाऱ्या शंभर माणसांपैकी ४१ जण "माल एकदम चोख" म्हणून घरी जातील. कोणताही व्यापारी चार दाण्यांवर पोत्याचा भाव ठरवत नाही. जिल्ह्यात काय आहे आणि काय नाही, ते मात्र आपण चार नमुन्यांवर ठरवलं. 'नवा स्ट्रेन आला' म्हणणाऱ्यांनीही आणि 'आला नाही' म्हणणाऱ्यांनीही.

दुसरी गोम अशी की खुलासा परदेशी विषाणूंबद्दल होता. 'परदेशातला आढळला नाही' याचं वाचकाच्या मनात 'नवा कुठलाच नाही' असं झालं. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र असलेला विषाणू सापडतो आहे. पेपरवाले त्याला 'डबल म्युटंट' म्हणत. त्याच घराण्यातल्या एका विषाणूला पुढे ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिलं. तो कुठूनही विमानाने आला नव्हता. भारतातच ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची पहिली नोंद झाली होती. एप्रिल-मे मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. काकाजी वाचले, त्यांचे थोरले भाऊ गेले. त्या लग्नामुळे गेले किंवा माझ्या वाक्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही, कारण ते कुणालाच ठरवता येणार नाही. पण मला जे माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं, हे खरं.

आता मुंबईला जाऊ, १८९६ सालात. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठींचा ताप असलेले रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत प्लेगच्या रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे नियमित येऊ लागले. लोक ते आजच्यासारखेच वाचत. आज किती, काल किती, वाढले की घटले.

त्या आकड्यांत दोन भोकं होती. पहिलं लपवाछपवीचं. घरात प्लेग आहे असं कळलं की रुग्णाला उचलून नेत, घरच्यांना वेगळं ठेवत, सामान जाळत. मग कोण कशाला सांगेल? मृत्यू झाला की कारण म्हणून साधा ताप, न्यूमोनिया असं काहीतरी लिहिलं जाई. पण हे लपवणं पूर्ण लपत नव्हतं, कारण मेलेल्या माणसाचं कारण बदलता येतं, त्याचा मृत्यू रद्द करता येत नाही. शहरातल्या एकूण मृत्यूंची बेरीज नेहमीपेक्षा किती वाढली ते पाहिलं की नोंदवलेला प्लेग आणि खरा प्लेग यांतलं अंतर दिसत असे.

ही युक्ती त्या वेळीही जुनी होती. लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाचा एक कापड व्यापारी होता, डॉक्टर अजिबात नव्हता. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापून निघत. बहुतेक लोक त्या वाचून गप्पा मारत आणि टाकून देत. ग्रॉन्टने त्या जमवल्या आणि १६६२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. १६२५ च्या प्लेगच्या वर्षी प्लेगशिवाय इतर कारणांचे मृत्यूही कितीतरी वाढलेले त्याला दिसले. इतर रोगांना त्याच वर्षी अचानक जोर यायचं काही कारण नव्हतं. त्याने हिशेब केला की यादीत जितके प्लेगचे बळी आहेत त्यांच्या सुमारे एक चतुर्थांश आणखी बळी दुसऱ्या नावांखाली दडलेले आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या व्यापाऱ्याची आठवण ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मुंबईच्या आकड्यांतलं दुसरं भोक जास्त गमतीचं आहे आणि आजही रोज फसवतं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. मृत्यूचं प्रमाण काढायचं तर भागायचं याच संख्येने, दुसरी हाताशी नव्हती. पण १८९७ च्या सुरुवातीला लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने, पायी शहर सोडत होते. जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. समजा एखाद्या आठवड्यात १,६०० माणसं मेली. आठ लाखांनी भागलं तर हजारी दोन. पण शहरात उरले असतील चार लाखच, तर खरं प्रमाण हजारी चार. मागे राहिलेल्या, बहुधा गरीब, गिरणीत किंवा गोदीत काम करणाऱ्या माणसाचा धोका कागदावरच्या आकड्याच्या दुप्पट. आणि साथ ओसरताना लोक परतू लागले की मृत्यूंची संख्या घटायला वेळ लागणार. तिचा अर्थ रोग पुन्हा चढला असा होईलच असं नाही, माणसंच वाढलेली असतात. वरचा आकडा तोच, खालचा आकडा पायाखालून सरकलेला. आम्ही डॉक्टर याला 'छेद' म्हणतो, शाळेत अपूर्णांकात शिकलात तोच. बातमीत अंश मोठ्या टायपात असतो आणि छेद बहुतेकदा नसतोच.

याच मुंबईत, याच साथीत, छेदासकट आकडा मांडणारा एक माणूसही होता. वाल्डेमार हाफकिन. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. दोन्ही गट एकाच ठिकाणी, एकच अन्न खात होते. नंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कुणी नाही. आजच्या मथळ्यात हे कसं आलं असतं? 'लस घेतल्यास प्लेगने मृत्यू अशक्य'. हाफकिन यांनी तसं म्हटलं नाही. किती जणांना टोचलं, किती जणांना नाही, कोण कधी आजारी पडलं, सगळं मांडलं. लस ऐच्छिक होती, त्यामुळे पुढे आलेले आणि मागे राहिलेले यांत दुसराही काही फरक असू शकतो, आणि संख्या लहान आहे. तरीही एका तुरुंगातल्या काही आठवड्यांच्या निरीक्षणाच्या मानाने हा पुरावा त्या काळी फार मोलाचा होता. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ही याच माणसाच्या नावाने आहे.

आणि त्याच हाफकिन यांचा बळी एका छेद नसलेल्या आकड्याने घेतला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. भयंकरच घटना. एकोणीसही जणांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कुणालाही धनुर्वात झाला नाही. मोहिमेत तोवर लाखो लोकांना लस दिली गेली होती. म्हणजे प्रश्न 'या लसीने लोक मरतात का' असा नव्हता, 'या एका बाटलीचं काय झालं' असा होता. पण 'लसीने १९ बळी' एवढंच पसरलं. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना गावातच ती दूषित झाली असावी, हातातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आलं. १९०७ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. तोवर पाच वर्षं गेली होती, आणि लसीबद्दलची भीती निकाल लागला म्हणून गावागावांतून परत जात नसते.

२०२१ च्या सुरुवातीला 'लस घेतल्यानंतर मृत्यू' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या प्रत्येक घटनेची चौकशी व्हायलाच हवी, होतही होती. पण एक साधा हिशेब करून पाहा. साठीपुढच्या माणसांत वर्षाला शंभरात साधारण तीन-चार जण काही ना काही कारणाने जातात, लस असो वा नसो. एक कोटी ज्येष्ठांना लस दिली, तर त्यांच्यापैकी रोज हजारच्या घरात माणसं एरवीही जाणारच होती. काही लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, काही आठव्या दिवशी. 'नंतर' आणि 'मुळे' या दोन शब्दांत जे अंतर आहे ते ओलांडायला चौकशी लागते, शवविच्छेदन लागतं, आणि लस न घेतलेल्या तशाच माणसांशी तुलना लागते. मथळ्याला फक्त 'नंतर' पुरतो, बाकीचं काम वाचकाचं मन करतं.

आता १९१८. हे साल आपल्या भागासाठी प्लेगपेक्षाही जवळचं. मुंबईत जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची पहिली लाट आली, सौम्य. सप्टेंबरमध्ये दुसरी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदवले गेले. मुंबईत निदान मोजत तरी होते. आपलं यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, आणि हा प्रांत देशातल्या सर्वांत जास्त फटका बसलेल्या भागांपैकी होता. पण खेड्यात मोजणार कोण? मृत्यूची नोंद पाटील-कोतवालाच्या भरवशावर. नोंदवहीत रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे रोग, इजा, इतर. इन्फ्लुएन्झाला रकाना नव्हता. अंगात ताप होता आणि माणूस मेला, तर 'ताप'. त्यात मलेरिया, विषमज्वर, बाळंतज्वर, सगळे एकत्र. आणि स्वतः कोतवालच अंथरुणावर असेल, तर तेवढंही नाही.

म्हणून साथीनंतर लगेच केलेल्या सरकारी अंदाजात साऱ्या हिंदुस्थानात सुमारे ६० लाख बळी धरले होते. मग १९२१ ची जनगणना झाली. देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी थोडी घटलेली निघाली, सुमारे २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर. विसाव्या शतकात असं एवढ्या एकाच दशकात झालं. अभ्यासकांनी नंतर या तुटीवरून हिशेब मांडले. ते १.२ कोटीपासून २ कोटींपर्यंत जातात. म्हणजे पहिला आकडा फार तर निम्मा होता. मला या इतिहासातली सगळ्यात उदास गोष्ट ही वाटते की वर्तमानपत्रांत ज्या शहराचे आकडे रोज येत होते ते शहर सगळ्यात आजारी वाटत होतं, आणि जिथे घरंच्या घरं रिकामी झाली तिथून बातमीच निघाली नाही.

आता आपल्या डोळ्यांसमोरचा काळ. १६ जून २०२०. महाराष्ट्रात एका दिवसात १,४०९ कोरोना मृत्यू. राजूरमध्ये हा आकडा मोबाईलवरून तासाभरात फिरला. त्या संध्याकाळी खाणीत काम करणारा एक तरुण त्याच्या आईला घेऊन आला होता. दम लागलेला, ऑक्सिजन कमी. मी चिठ्ठी लिहिली, मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं. तो म्हणाला, "नाही नेत जी साहेब. तिथं एका दिवसात चौदाशे मारले. घरीच राहू द्या." त्याला समजवायला मला पाऊण तास लागला. तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

त्या १,४०९ पैकी त्या दिवशीच्या पत्रकातले नवे मृत्यू ८१ होते. उरलेले १,३२८ हे आधीच्या आठवड्यांतले, नोंदीत राहून गेलेले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. फाइली जुळवताना ते सापडले आणि एका दिवशी बेरजेत घातले गेले. जुळवणं ही चांगली गोष्ट झाली, प्रामाणिकपणाची. पण 'आज १,४०९' हे वाक्य वाचणाऱ्याला एका दिवसात पडलेली प्रेतं दिसतात. प्रत्यक्षात तो एका दिवसात पोहोचलेल्या कागदांचा आकडा होता. हीच गोष्ट पुढच्या वर्षी आणखी मोठ्या प्रमाणात झाली. १० जून २०२१ ला देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू अशी बातमी आली, तोवरचा उच्चांक. त्यात बिहारने एकदम जोडलेले ३,९५१ जुने मृत्यू होते. दुसरी लाट तेव्हा उतरणीला लागलेली होती. जुलैमध्ये महाराष्ट्राने आणखी ३,५०९ जुने मृत्यू जोडले आणि देशाचा आकडा पुन्हा एकदा एका दिवसासाठी चार हजारांजवळ गेला.

याची उलट बाजूही मी त्या तरुणाला सांगितली असती तर तो घाबरला असता, म्हणून तेव्हा सांगितली नाही. तुम्हाला सांगतो. रोजचा आकडा उगाच मोठा दिसत असला, तरी एकूण आकडा कमीच होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्रॉन्टचीच जुनी पद्धत वापरली. कोरोनाचं नाव लिहिलेले कागद न मोजता, २०२० आणि २०२१ मध्ये नेहमीपेक्षा किती जास्त माणसं मेली याचा अंदाज काढला. भारतासाठी तो सुमारे ४७ लाख निघाला. सरकारी नोंद होती ४.८१ लाखांच्या आसपास. भारत सरकारने त्या हिशेबाच्या पद्धतीला जोरदार आक्षेप घेतला, आणि नोंदणी सगळीकडे सारखी नसलेल्या देशात असे अंदाज कमीजास्त होणारच. नेमका आकडा कोणता यावर मी वाद घालणार नाही. पण एकाच साथीबद्दल आपण रोज नको तितके घाबरत होतो आणि एकूणात बहुधा जितकं समजायला हवं तितकं समजत नव्हतो, हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

कधीकधी माणसांचं काहीच न बदलता आकडाच बदलतो. २००६ पर्यंत भारतात एचआयव्हीबाधित ५० लाखांहून जास्त आहेत असं सांगितलं जात होतं. जुलै २००७ मध्ये नवा अंदाज आला, सुमारे २५ लाख. वर्षभरात निम्मे बरे झाले का? नाही. आधीचा अंदाज बराचसा सरकारी दवाखान्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोग विभागातले रुग्ण यांच्या तपासणीवर उभा होता. नंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखभर लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा चित्र नीट दिसलं. दवाखान्यात येणारी माणसं म्हणजे गाव नव्हे. हे मला रोज आठवावं लागतं, कारण चुनाभट्टी आणि खाणीच्या धुळीने खोकणारे दिवसभर समोर बसले की संध्याकाळी मलाही वाटू लागतं, सगळं राजूरच खोकतंय.

आता 'दुप्पट' या शब्दाबद्दल, कारण औषधं अचानक बंद करणारे माझे बहुतेक पेशंट याच शब्दाने घाबरलेले असतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी खरी होती. धोका दर ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. म्हणजे ७,००० मध्ये एक जास्त. पण सगळीकडे गेलं ते 'दुप्पट'. हजारो स्त्रियांनी गोळ्या मध्येच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गरोदरपणात जास्त असतो.

आपल्याकडे असंच एप्रिल-मे २०२४ मध्ये झालं. कोव्हिशिल्डच्या मूळ कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं की अत्यंत क्वचित प्रसंगी या लसीने रक्ताच्या गाठी होऊन प्लेटलेट कमी होतात. दोन दिवसांत माझ्याकडे रांग लागली. तिघांनी मेडिकलमधून रक्त पातळ करायची गोळी आणून सुरूही केली होती. त्यातल्या एका बाईंना आधीपासून पोटात अल्सर. रक्ताची उलटी झाली तेव्हा घरच्यांनी आणलं.

त्या बातमीत जे नव्हतं ते असं. ब्रिटनमध्ये दर १० लाख पहिल्या डोसांमागे हा त्रास साधारण १५ जणांना झाला. ज्यांना झाला त्यांना तो लस घेतल्यावर बहुतेक पहिल्या चार ते सहा आठवड्यांत झाला. हे २०२१ पासूनच माहीत होतं, न्यायालयात फक्त कबुली नव्याने आली. आणि २०२४ च्या मे महिन्यात माझ्यासमोर रांगेत बसलेल्या प्रत्येकाच्या लसीला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. पंधरा कुटुंबांसाठी तो आकडा लहान नव्हता, त्यांना न्याय मागायचा पूर्ण हक्क आहे. पण अल्सर असलेल्या त्या बाईंचा धोका लसीच्या बाजूने आता उरला नव्हता. धोका होता तो पेपर वाचून आणलेल्या गोळीचा.

पत्रकारांवर सगळं ढकलायचा माझा हेतू नाही. तालुक्याच्या बातमीदाराला एका दिवसात पाच बातम्या द्यायच्या असतात आणि मथळा लिहिणारा दुसराच कुणी असतो. मला जास्त राग येतो तो आकडा ज्यांच्याकडून निघतो त्या कार्यालयांचा. पत्रकात 'त्यातले इतके जुने' हे तळटीपेत टाकलं की ते गाळलं जाणार हे त्यांना ठाऊक असतं. आणि थोडा आम्हा डॉक्टरांचाही, कारण चार नमुन्यांची ओळ वाचायला मला दोन मिनिटं लागली असती.

काकाजी अजून येतात, महिन्याला बीपीसाठी. पेपर बरोबर असतोच. मागच्या वेळी 'चहा पिणाऱ्यांना अमुक रोग तीस टक्के कमी' असं काहीतरी होतं. मी म्हटलं, किती जणांत किती ते लिहिलंय का पाहा. त्यांनी चष्मा लावून बातमी खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून वाचली. नव्हतं लिहिलेलं. चहा ते दिवसातून चारदा घेतातच, साखर कमी करायला सांगितली आहे.

तुम्हीही एखादी बातमी वाचून बीपीची, साखरेची, हृदयाची किंवा मिरगीची गोळी बंद करायच्या विचारात असाल, तर आधी कात्रण घेऊन या. मोबाईलवर असेल तर मोबाईल घेऊन या. सकाळी गर्दी असते, संध्याकाळी सातनंतर आलात तर दोघं मिळून खालच्या ओळीपर्यंत वाचू. तोवर गोळी चालू ठेवा.